आधी नोंद, मग नाव

कीटकांच्या नोंदी करायला लागलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याचं नाव काय?" प्रश्न साहजिकच आहे, पण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. चार-सहा किड्यांची नावं सापडत नाहीत, विचारलं तर कुणी उत्तर देत नाही आणि महिनाभरात हौस फिटते. मी स्वतः हौसेखातर नोंदी करतो आणि इतरांच्या तपासूनही देतो. त्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की, नावाची एवढी घाई करू नये. चुकलेलं नाव दहा वर्षांनीही कुणीतरी दुरुस्त करू शकतं. तारीख किंवा जागा लिहायची राहिली, तर ती मागाहून भरून देणारं कुणी नसतं.

नोंद म्हणजे काय पाहिलं, कुठे, केव्हा आणि कोणी. यातलं 'काय' सगळ्यात सैल चालतं. नुसतं 'भुंगेरा' लिहून सोबत फोटो जोडला, तरी ती नोंद झाली. उरलेल्या तीन गोष्टी मात्र चोख हव्यात. कॅमेऱ्याचं घड्याळ अधूनमधून बघत जा. बॅटरी पार उतरली की काही कॅमेरे भलत्याच वर्षात जाऊन बसतात आणि मग कुणाचीतरी सगळी फुलपाखरं एक जानेवारीच्या मध्यरात्री उडताना दिसतात. जागा अक्षांश-रेखांशात द्यावी. दशांशचिन्हापुढे चार आकडे म्हणजे साधारण अकरा मीटरपर्यंतचा नेमकेपणा, किड्यासाठी तेवढा पुरतो. फोनला जागा नीट सापडली नसेल, तर नकाशावरचं अचूकतेचं वर्तुळ (किडा या एवढ्या परिसरात कुठेतरी होता, असं सांगणारं) खुशाल मोठं ठेवा. मोठं पण खरं वर्तुळ कामाला येतं. नकाशावर अंदाजाने टोचलेला बारीक ठिपका दिशाभूल करतो.

जुन्या संग्रहालयांतही हाच नियम आहे. टाचणीला टोचलेल्या प्रत्येक किड्याखाली जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली इवलीशी चिठ्ठी असते. चिठ्ठी हरवली की नमुना कितीही देखणा असो, अभ्यासाच्या दृष्टीने तो जवळपास कवडीमोल. अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहितात, कारण साधी शाई त्यात विरघळून जाते.

या साध्या नोंदींतून काय निघू शकतं, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जर्मनीतल्या क्रेफेल्डचं. तिथल्या कीटकप्रेमींच्या मंडळाने, ज्यात बहुतेक सगळे हौशी, १९८९ पासून एकूण ६३ संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे दिसणारे मलेझ सापळे ठरावीक पद्धतीने लावले आणि त्यांत सापडलेल्या उडत्या कीटकांचं वजन केलं. २०१७ मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध झालं: २७ वर्षांत हे वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटलं होतं. जगभर खळबळ उडाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. हा निष्कर्ष काढायला एकाही किड्याचं नाव लागलं नाही. लागलं ते एवढंच की सापळा कुठे होता, कधी लावला, कधी उतरवला आणि बाटलीत किती ग्रॅम भरले, हे कुणीतरी न कंटाळता लिहून ठेवलं होतं.

म्हणूनच 'हा तर नेहमीचाच' म्हणून किडा सोडून देऊ नका. उत्तर अमेरिकेत १८७० च्या दशकात रॉकी माउंटन टोळांच्या धाडी आभाळ झाकून टाकायच्या. तोच टोळ १९०२ नंतर कुणाला जिवंत दिसलेला नाही. दुर्मिळ किड्याच्या मागे सगळेच धावतात. नेहमीच्या किड्याची मोजदाद हौशी माणसानेच ठेवायची असते.

आता ओळखण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. ओळख पटते ती किड्याचा नेमका अवयव दिसल्यामुळे. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्श्वभूमी धूसर झालेला, डोळ्यांवर फोकस असलेला फोटो वाहवा मिळवतो, तपासणारा मात्र विचारतो, "पोटाखालून आहे का? पंख पसरलेला आहे का?" एकाच प्राण्याचे चार-पाच फोटो घ्या: वरून, बाजूने, समोरून, जमलं तर खालून, आणि एक ज्या झाडावर बसला आहे त्या झाडाचा. सगळे एकाच नोंदीत टाका. एकाच फुलावरचे दोन वेगळे किडे मात्र एका नोंदीत कोंबू नका.

एक उदाहरण सावकाश बघू. फुलावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची 'मधमाशी' बसली आहे. फोटो मोठा करा. मिशा लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या आहेत का? नाहीत, डोळ्यांच्या मधोमध दोन आखूड खुंट आहेत. डोळे एवढे मोठे की डोक्याचा बहुतेक भाग त्यांनीच व्यापलाय. पंख मोजा: एकच जोडी. मागच्या पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या आहेत, उडताना तोल सांभाळणाऱ्या. म्हणजे ही मधमाशी नाही, माशी आहे. आता पंखाच्या मधोमध बघा. शिरांच्या जाळ्यात एक रेघ अशी दिसते जी कुठल्याही शिरेला धड जोडलेलीच नाही, मधेच उमटते आणि मधेच विरते. ही खोटी शीर दिसली की ती होव्हरफ्लाय (हवेत एकाच जागी तरंगणाऱ्या माश्यांचं कुळ), हे जवळजवळ नक्की. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटले असतील तर बहुधा नर, मधे फट असेल तर मादी. एवढं सगळं एका फोटोवरून कळलं, आणि प्रजातीचं नाव अजून घेतलंच नाही!

प्रत्येक गटाची अशी किल्ली वेगळी. भुंगेऱ्याचे कडक पंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात. ढेकणाच्या गोतावळ्यात बऱ्याच जणांचे पंख एकमेकांवर चढतात आणि खांद्यांच्या मधे एक त्रिकोण उठून दिसतो. चतुर आणि टाचण्यांमध्ये (चतुरांचे बारीक अंगाचे भाऊबंद) शेपटीच्या टोकाचे चिमटे आणि छातीच्या बाजूचे पट्टे लागतात. फुलपाखरांची बरीचशी ओळख पंखांच्या खालच्या बाजूला लिहिलेली असते. गोमेच्या प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी, वाणीच्या बहुतेक वळ्यांना दोन. गोगलगाईचा फोटो काढताना शंख उलटा करून तोंडाची कड आणि बुडाची खळगी घ्यावी, आणि मग तिला होती तिथेच ठेवावं. कोळ्यांमध्ये आधी डोळ्यांची मांडणी बघतात, पण पुष्कळ कोळ्यांची प्रजात प्रौढ नर-मादीचे जननावयव भिंगाखाली पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. पिल्लू कोळ्याचा फोटो टाकून 'प्रजात सांगा' म्हणणं म्हणजे तपासणाऱ्याला उंटावरून शेळ्या हाकायला लावणं.

त्यामुळे वंशावर किंवा कुळावर, म्हणजे प्रजातीच्या वरच्या पायऱ्यांवर, थांबायला शिका. मला नवख्यांच्या यादीत सगळ्यात विश्वासार्ह वाटतात त्या 'अमुक कुळ, पुढे सांगता येत नाही' अशा नोंदी. लिहिणाऱ्याला आपली मर्यादा कळली आहे, हे त्यातून दिसतं.

एकच गट निवडा, हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे. फक्त निवडताना त्या गटाला वापरता येईल अशी ओळखसूची किंवा पुस्तक आहे का आणि कुणी जाणकार उत्तर देतो का, ते आधी बघा. फुलपाखरं आणि चतुर सुरुवातीला सोपे. पतंगांचा नाद लागला तर तो सुटत नाही. पांढरा पडदा आणि दिवा एवढंच लागतं. उबदार, दमट, ढगाळ आणि वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली, पौर्णिमेची बहुधा फुकट जाते. पानांत बोगदे करणाऱ्या अळ्यांकडे फार कमी लोक वळतात, खरं तर किडा न दिसताही त्यांची नोंद होते: झाड कोणतं आणि बोगद्याचा आकार कसा, यावरून अनेकदा वंश कळतो. साधनांवर सुरुवातीला पैसे घालवू नका. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, फोन आणि वही पुरते.

नोंदी टाकायला आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ आणि ॲप सगळ्यात सोयीचं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून ते सुरू झालं. तिथे फोटो टाकला की संगणक नाव सुचवतो. ती सूचना उपयोगी असते, पण ती कशी येते ते समजून घ्या: ज्या प्रजातींचे पुरेसे फोटो साठलेत, त्याच त्याला ठाऊक असतात. ज्या प्रदेशातले किडे कमी टिपले गेलेत, तिथे तो दुसऱ्याच खंडातला मिळताजुळता भाऊबंद पुढे करतो. सुचवलेलं नाव तुमच्या भागात आधी नोंदलं गेलं आहे का, हे बघितल्याशिवाय ते स्वीकारू नका. तारीख, जागा, पुरावा आणि दोन-तृतीयांशांहून अधिक ओळखणाऱ्यांची सहमती असली की रानटी जीवाच्या नोंदीला संशोधनयोग्य दर्जा मिळतो. ती इतरांना वापरू देण्याचा परवाना मोकळा असेल तर ती पुढे जीबीआयएफच्या, म्हणजे जीवविविधतेच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संस्थेच्या, जागतिक साठ्यात जाते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं कार्यालय कोपनहेगनला आहे. नोंदी तिथवर पोहोचाव्यात म्हणून खातं उघडतानाच परवान्याची निवड बघून घ्या. घरातल्या नोंदींची जागा मुद्दाम धूसर ठेवता येते, तशीच ज्या प्राण्यांची चोरटी विक्री होते त्यांचीही ठेवावी. नमुना गोळा करायचा असेल, तर आधी परवानगी आणि तिथला कायदा.

हात बसला की सुट्या नोंदींच्या पुढे जा आणि मोजणी करा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची मोजणी ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या गतीने, आजूबाजूच्या ठरावीक पट्ट्यात दिसतील तेवढीच धरून केली जाते. परागीभवन करणाऱ्यांसाठी अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनातल्या फुलांसमोर दहा मिनिटं बसायचं, अशीही एक पद्धत आहे. यात शून्य आलं तर शून्यच लिहायचं. एकही माशी आली नाही म्हणून वही मिटणारे बरेच भेटतात, पण त्या दहा मिनिटांत कुणीच आलं नाही ही माहिती सुट्या फोटोंतून कधीच मिळत नाही.

यातून पुढे नोकरी मिळते का, हेही विचारलं जातं. थेट मिळत नाही. पण पर्यावरण सर्वेक्षणं, संग्रहालयं, शेतीतल्या किडींचा अभ्यास अशा ठिकाणी एखादा गट खात्रीने ओळखणारा माणूस हवाच असतो, आणि पदवीधरांमध्येही असे लोक थोडे असतात. अर्जात 'हजारो नोंदी केल्या' असं लिहिण्यापेक्षा कोणता गट कुठल्या पातळीपर्यंत ओळखता येतो आणि इतरांच्या किती नोंदी तपासल्या, ते लिहा. आकडा फुगवता येतो, तपासलेलं काम कुणीही उघडून बघू शकतं. तपासणीची सुरुवात अगदी सोप्या कामापासून करता येते: 'अज्ञात' म्हणून पडून असलेल्या नोंदी उघडायच्या, हा कोळी, हा भुंगेरा, हा पतंग एवढं वर्गीकरण करायचं, म्हणजे त्या त्या गटाच्या जाणकाराच्या नजरेला त्या पडतात. नाव सुचवताना ओळीभर कारण लिहा, 'मिशा आखूड, पंखांची एकच जोडी' असं. समोरच्याला ते पटलं नाही तर तोही कारणासकट उत्तर देतो, आणि अशा दोन-चार वादांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं पुस्तक चाळून मिळत नाही. डोळे मिटून 'सहमत' दाबणारे मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्यात भर घालू नका.