ओएलटीपी आणि ओएलएपी: डेटाच्या कामात नवीन आलेल्यांसाठी

डेटा इंजिनिअरिंगकडे वळलेले बरेच ज्युनिअर मला विचारतात की आधी काय शिकू, पोस्टग्रेस (रोजचे व्यवहार सांभाळणारा डेटाबेस) की स्नोफ्लेक (क्लाउडवरचं वेअरहाऊस, म्हणजे विश्लेषणासाठीचा वेगळा डेटाबेस), आणि इंटरव्ह्यूला येताना ओएलटीपी-ओएलएपीच्या फरकांचा तक्ता पाठ करून येतात. ओएलटीपी म्हणजे एकेक व्यवहार झटपट नोंदवणाऱ्या सिस्टिम, ओएलएपी म्हणजे ढीगभर डेटावर बेरजा आणि विश्लेषण करणाऱ्या. तक्ता बरोबर असतो हो, पण पुढचा प्रश्न विचारला की गाडी अडते. माझ्या मते यातला बहुतेक फरक एकाच गोष्टीतून निघतो, डिस्कवर डेटा मांडलाय कसा, आणि ते एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची गरजच राहत नाही.

हिशोब करूनच बघा. ऑर्डर्सचं एक टेबल घ्या, 40 कॉलम, 1 कोटी रो, एक रो धरा 400 बाइटची, म्हणजे झाले 4 जीबी. पोस्टग्रेस 8 केबीच्या पेजमध्ये अख्ख्या रो ठेवतं, म्हणजे एका पेजमध्ये साधारण 20 रो. एखाद्या ऑर्डरचं स्टेटस बदलायचं असेल तर बी-ट्री इंडेक्सवरून (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधायची सोय) मोजकी पेज वाचली की थेट त्या रोवर पोचता येतं, काम काही मिलिसेकंदात होतं, आणि त्याच वेळी शेकडो जण आपापल्या ऑर्डर बदलत असले तरी ट्रान्झॅक्शनमुळे कोणाचं कोणाला आडवं येत नाही. आता विचारा, आजवरच्या सगळ्या ऑर्डरची रक्कम किती? हवाय फक्त 8 बाइटचा एक कॉलम, पण तो प्रत्येक रोच्या पोटात अडकलेला, म्हणून 4 जीबी सगळेच्या सगळे वाचावे लागतात.

ओएलएपी सिस्टिम बहुतेक कॉलम स्टोअर असतात, तिथे अख्ख्या रोऐवजी तोच कॉलम सलग ठेवलेला असतो, त्यामुळे 80 एमबीत काम भागतं. वर कॉम्प्रेशन आलंच, एका कॉलममधल्या व्हॅल्यू एकाच जातीच्या असतात ना. स्टेटसच्या पाचच व्हॅल्यू असतील तर डिक्शनरी एन्कोडिंगने (व्हॅल्यूऐवजी तिचा छोटा क्रमांक ठेवायचा) एका व्हॅल्यूला 3 बिट पुरतात, म्हणजे 1 कोटी रोचा अख्खा कॉलम 4 एमबीच्या आत. मला हे गणित अजूनही भारी वाटतं. पण आता याच सिस्टिममध्ये एकच ऑर्डर बदलायला सांगा, कॉम्प्रेस केलेला भागच्या भाग पुन्हा लिहायची वेळ येऊ शकते, म्हणून क्लिकहाऊससारख्या कॉलम डेटाबेसमध्ये इन्सर्टसुद्धा एकेक न करता हजारोंच्या बॅचने करतात.

नोकरीत नवीन माणसाला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे प्रायमरी की, प्रत्येक रोची वेगळी ओळख सांगणारा कॉलम. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमधून आलेला माणूस गृहीत धरतो की की लावली म्हणजे डुप्लिकेट येणारच नाही. स्नोफ्लेकची नेहमीची टेबलं, रेडशिफ्ट, बिगक्वेरी, या क्लाउड वेअरहाऊसमध्ये प्रायमरी की लिहिता येते पण ती पाळली जातेय की नाही हे सिस्टिम बघत नाही, आणि क्लिकहाऊसमध्ये तर ती मुळात डेटा क्रमाने ठेवायला आणि पटकन शोधायला असते. एकच फाइल दोनदा लोड झाली तर एरर वगैरे काही येत नाही, फक्त त्या दिवसाची विक्री रिपोर्टमध्ये दुप्पट दिसते. त्यामुळे पाइपलाइन (डेटा आणून लोड करणारा प्रोग्रॅम) अशी लिहायची की ती पुन्हा चालवली तरी निकाल तोच यायला हवा, आणि डुप्लिकेट तपासणारी टेस्ट पहिल्या दिवसापासून लावायची.

सरावासाठी पैसे खर्च करून क्लाउड घ्यायची काहीच गरज नाही. लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका आणि शेजारी डकडीबी हे कॉलम स्टोअर, ते अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतून 2019 मध्ये बाहेर आलं, त्याला सर्व्हर लागत नाही. दोन्हीकडे जनरेट सिरीज (हव्या तेवढ्या रो बनवून देणारं फंक्शन) वापरून तेच मोठं टेबल बनवा, एक बेरजेची क्वेरी आणि एक आयडीवरून रो शोधायची क्वेरी चालवा, आणि पोस्टग्रेसमध्ये एक्स्प्लेनला (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) अ‍ॅनलाइझ आणि बफर्स लावून किती पेज वाचली ते बघा, मग इंडेक्स काढून परत बघा. एक शनिवार यात घालवलात तर इंटरव्ह्यूत तुम्ही बघितलेलं सांगाल, वाचलेलं नाही.

आता वेगळी अ‍ॅनालिटिकल सिस्टिम आणायची कधी? डेटा काही लाख रोचा असेल तर घाई करू नका, पोस्टग्रेस आणि बरे इंडेक्स पुष्कळ पुरतात. फक्त तासभर चालणारा रिपोर्ट मुख्य डेटाबेसवर टाकू नका, तो चालू असेपर्यंत त्याच्या जुन्या स्नॅपशॉटला (क्वेरी सुरू झाली तेव्हाचं डेटाचं चित्र) दिसू शकणाऱ्या मेलेल्या रो, म्हणजे बदललेल्या किंवा डिलीट केलेल्या रोच्या जुन्या प्रती, व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची साफसफाई) साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. लोक म्हणतात रीड रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) चालवा, तेही ठीक, पण तिथे मुख्य डेटाबेसकडून आलेल्या बदलांशी क्वेरीची टक्कर झाली तर पोस्टग्रेस डिफॉल्टने 30 सेकंदांपर्यंतच थांबतं आणि मग क्वेरी मारून टाकतं. ते टाळायला हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकाला कोणत्या रो अजून लागतायत ते मुख्य डेटाबेसला कळवणारी सेटिंग) चालू केलंत तर फुगण्याचा त्रास परत मुख्य डेटाबेसकडे येतो. हे प्रकरण दर आठवड्याला व्हायला लागलं की समजा वेअरहाऊसची वेळ आली.