फुलांची प्रदर्शनं आणि शेतकरी बाजार: या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की आपल्याकडे फुलांच्या प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. ठाणे पालिकेचं वृक्षवल्ली, नवी मुंबई पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन, आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेतला पुष्पोत्सव. तारखा आणि जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी पालिकेची जाहिरात बघा. त्याच सुमाराला शेतकरी आठवडी बाजारात ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा यांचे ढीग लागतात. मौसम देखणा असतो, माणसं हौसेनं जातात, आणि मार्च संपता संपता मला सोसायटीतून फोन यायला लागतात: झाड मान टाकतंय, आंबा आंबट निघाला, काय करू? कारणं वर्षानुवर्षं तीच.

सगळ्यात मोठी चूक गुलाबाची, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

प्रदर्शनातले गुलाब बहुतेक कलमी असतात. खाली जंगली गुलाबाचा चिवट खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेला. जिथे जोड आहे तिथे बुंध्याला गाठ दिसते. लोक फूल बघतात, रंग बघतात, ही गाठ कुणीच बघत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंनी असाच एक गर्द लाल गुलाब आणला होता. आणला त्याच दिवशी मोठ्या कुंडीत लावला, जोडाची गाठ मातीत पुरली, वर शेणखत आणि त्यावर रासायनिक खताची मूठ. आठवडाभरात होती ती फुलं गळली, काड्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. पावसाळ्यात मात्र झाड असं फोफावलं की काकू सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. ग्रिलच्या बाहेर हातभर लांब फांद्या गेल्या. पुढचा फेब्रुवारी आला, मार्च गेला, कळी म्हणून नाही. अजून खत, अजून पाणी. शेवटी त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी बुंध्याजवळची माती बोटानं बाजूला केली. आणलेला गुलाब कधीच वाळून गेला होता. वर्षभर त्यांनी जिवापाड जपला होता तो खालचा जंगली खुंट.

म्हणून गुलाब घेताना गाठ शोधा, लावताना ती मातीच्या वर ठेवा, आणि गाठीच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसल्या दिवशी मुळाशी खुडून टाका. कात्रीनं वरवर कापला तर तो दुप्पट जोमानं येतो. जंगली फुटव्याला सात पानं आणि चांगल्याला पाच, असं सरसकट सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही कधीकधी सात येतात. फुटवा कुठून निघालाय ते बघा, तेवढं पुरतं.

आणि घाई करू नका, हे मी दरवर्षी सांगते. नवं झाड घरी आलं की मी ते आठ-दहा दिवस त्याच पिशवीत, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी ठेवते. खत अजिबात नाही. नवीन कोंब दिसला की मगच कुंडी. नवशिक्यांना हे दहा दिवस जड जातात, पण नर्सरीच्या सावलीतून उचलून टेंपोत हिंदकळत आलेल्या झाडाची मुळं त्याच संध्याकाळी मोकळी करणं मला बघवत नाही.

पिटुनिया, पॅन्सी, डायान्थस ही थंडीची फुलझाडं आहेत. फेब्रुवारीअखेर गच्च फुललेली कुंडी घेतलीत तर तिचे शेवटचे दिवस घेतलेत. आपल्या एप्रिलच्या उकाड्यात ती टिकत नाहीत, त्यात तुमचा काही दोष नसतो. पुढचे महिने फुलं हवीत तर मोगरा, जास्वंद, सदाफुली, बोगनवेल घ्या. घेताना उमललेल्या फुलांपेक्षा कळ्या जास्त असलेलं रोप उचला.

खरेदी आधी आणि प्रदर्शन नंतर, ही उलटी रीत सोडा. हातात चार पिशव्या असल्या की कुणीही धड काही बघत नाही. स्पर्धेतली कापलेली फुलं पहिल्या दिवशी सकाळी सर्वात ताजी असतात; रविवारी संध्याकाळी जाऊन नाराज होऊ नका. संध्याकाळी सहाच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये कुंडी घेऊन चढू नका.

ठाण्याजवळच्या येऊरला पळस, पांगारा आणि काटेसावर बघायला अकरा वाजता जाणारे बरेच भेटतात. तोवर ऊन चढलेलं असतं. पहाटे जा. काटेसावरीच्या जाड, लाल पेल्यांवर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची तेव्हा झुंबड असते. आणि फांद्या मोडू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं फूल तोडणं गुन्हा आहे. धुळवडीच्या रंगासाठी पिशवीभर पळसफुलं ओरबाडणाऱ्यांना मी तोंडावर टोकते, तुम्हीही टोका.

आता बाजार. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडी बाजाराची मोहीम सुरू झाली. माल शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकावा, हा हेतू. पण बोर्डावर शेतकरी लिहिलं म्हणजे पलीकडे शेतकरीच बसलाय असं धरू नका. ज्या गाळ्यावर सफरचंद, ब्रोकोली, ड्रॅगनफ्रूट आणि मेथी एकत्र आहे, तो माल वाशीच्या घाऊक मार्केटमधून आलाय. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या हिशोबानं द्या. स्वतः पिकवणाऱ्याकडे दोन-चार जिनसा असतात, आकार सारखे नसतात, आणि पेरणी कधीची, पाणी कुठलं, हे विचारलं की तो भडाभडा बोलतो. मी हेच विचारते. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेत नाही.

आंब्याबाबत लोक सर्वात जास्त फसतात, कारण तिथे धीर सर्वात कमी असतो. नात्यातल्या एका घरी मार्चच्या सुरुवातीलाच 'देवगड हापूस' लिहिलेली पेटी आली. भाव स्वस्त, म्हणून सगळे खूश. उघडली तर प्रत्येक फळ एकसारखं पिवळंधमक, वास कसलाच नाही, आणि तळाला अंथरलेला पेपर कानडी. कापलं तर आत पांढरट, आंबट. पेपरावरून गाव सिद्ध होत नाही हे खरं, पण वास नसलेलं पिवळं फळ पुष्कळ काही सांगतं. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला देशात बंदी आहे, तरी पुड्या सापडतात. साल रंगते, गर कच्चाच राहतो.

कोकणातला पहिला माल जानेवारी-फेब्रुवारीत वाशीला येतो, पण थोडा आणि फार महाग. खरा हंगाम एप्रिल-मे. तोवर थांबा. देठाजवळ नाक लावून वास घ्या. त्याहून उत्तम म्हणजे पूर्ण वाढलेलं, पण कडक फळ घ्या आणि घरी आढी घाला, म्हणजे गवतात पिकत ठेवा. मी दर दोन दिवसांनी आढी चाळते, पिकेल ते वर काढते. २०१८ च्या हापूसच्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडबरोबर ठाणे आणि पालघर जिल्हेही आहेत, तेव्हा देवगडचं नाव नसलेल्या जवळच्या बागायतदाराला कमी लेखू नका.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा याच दिवसांत येतात. माळ हातात घेऊन उलटी करा, पात वाळून घट्ट विणलेली हवी. ओलसर पात असलेली माळ आठवड्यात कुजायला लागते. सुकलेली माळ घरात हवेशीर जागी टांगा, टोपलीत कोंबू नका.

घासाघीस. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्यानं देणारी माणसं शहापूर-मुरबाडहून पहाटे निघालेल्या बाईशी पाच रुपयांसाठी वाद घालतात. मला याची चीड येते. भाव पटत नसेल तर पुढे जा. सुट्टे पैसे आणि कापडी पिशव्या घरून न्या. बाजार उठताना स्वस्त मिळतं म्हणून उशिरा जाऊन मग ताजं नव्हतं अशी तक्रार करू नका.

पालेभाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून फ्रिजमध्ये ढकलणं बंद करा. घरी आल्या आल्या जुडी सोडा, पिवळी पानं काढा, न धुता कोरड्या पेपरात गुंडाळा. मेथी निवडायला ज्या दिवशी वेळ नाही, त्या दिवशी मी घेतच नाही.