क्रोम लावायचा की अल्युमिनियम पॉलिश करायचं?

जुनी बुलेट नीट करायला काढलाय काय? मग आधी लोहचुंबक घ्या आणि एकेक पार्टला लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे म्हणजे क्रोमच (वरून चकचकीत धातूचा मुलामा) करावा लागतंय, नाही चिकटला तर बहुतेक अल्युमिनियम, तिथं बफिंग (मशीनवर घासून चमक आणणं) करून घ्या. सायलेन्सर, हँडल, मडगार्ड लोखंडाचे असतात, इंजिनची साईड कव्हरं अल्युमिनियमची.

आता खरी गोष्ट पावसाची. बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, चोर्ला घाटासारख्या भरपूर पावसाच्या भागात रोज जायचं असेल तर क्रोमचं काम स्वस्तातलं करू नकाच, कारण वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) पण पातळ असतोय, गंजापासून वाचवतंय ते खालचं निकेल, आणि तेच पातळ मारलं की बारीक छिद्रातनं पाणी आत जाऊन गंजाचे ठिपके येतात आणि मग पापुद्रे सुटतात. एकदा सुटला की घासून काय उपयोग नाही, सगळा काढून परत प्लेटिंग. म्हणून देतानाच विचारा, निकेल किती मारणार.

अल्युमिनियम काळवंडतंय लवकर, पण ते आपल्या हातात आहे. ४०० पासून २००० पर्यंत पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चढत्या नंबरनं मारायचा, मग मेटल पॉलिश आणि मऊ कापड. मला तर हेच आवडतंय, रविवारी दोन तास दिले की झालं. फक्त कॉस्टिक सोड्यानं केलेलं वॉशिंग लावू देऊ नका, काळं पडतंय. साधा शॅम्पू बास.