चवथीआधी फरशी सील करायची घाई नको

गोव्यात घराच्या डागडुजीचं वेळापत्रक चवथीवर, म्हणजे ऐन पावसाळ्यात येणाऱ्या गणेशचतुर्थीवर चालतं. रंगाबरोबर फरशीचं पॉलिशही ‘चवथीपूर्वी होऊन जाऊ दे’ म्हणून उरकलं जातं. कोटा, शहाबादी किंवा संगमरवरी फरशीला हा मुहूर्त मानवत नाही.

जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. चिऱ्याच्या भिंती आणि फरशीखालची भर पावसाळाभर पाणी पितात, आणि ती ओल दगडाच्या छिद्रांतून वर येत राहते. वरून चकाकणारा लेप दिला की तिची वाट बंद होते. मग लेपाखाली दुधाळ ढग उमटतात, कडा सोलतात, सांध्यांजवळ पांढरा खार फुटतो. खार दगडाच्या आतच साठला तर वरचे पापुद्रे सुटू लागतात, आणि तो दगड बदलण्याशिवाय फारसा इलाज राहत नाही.

फरशी सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. खाली थेंब दिसले किंवा दगड काळवंडला तर थांबा. फेब्रुवारी ते एप्रिल हा खरा काळ.

दुसरी चूक अॅसिडची. सिमेंटचे डाग काढायला बाथरूमचं अॅसिड ओतणारे मेस्त (गवंडी) अजून भेटतात. कोटा, शहाबादी, कडप्पा हे चुनखडीचे दगड, आणि संगमरवरही त्याच कुळातला. अॅसिड डागाबरोबर दगडही खातं. दगडाबद्दल शंका असेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाकून पाहा: बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली की दगड चुनखडीच्या कुळातला समजायचं. स्वयंपाकघरात सोलांचं (कोकमाचं) पाणी, चिंच, माडाचं व्हिनेगर सांडून पडणारे फिके ठसे म्हणजे हेच, आंबटाने दगड खाल्लेला असतो. तो डाग नव्हे, दगडाची झीज. म्हणून कितीही पुसलं तरी जात नाही, आणि बहुतेक सीलर (पाणी आणि डाग अडवायला दगडाला लावायचं द्रव्य) ही झीज थांबवत नाहीत, हे विकणारा सहसा सांगत नाही. उपाय एकच, तेवढा भाग पुन्हा घासून पॉलिश करायचा.

डाग मात्र उपसता येतात. समईच्या तेलाचा डाग असेल तर पांढरी माती किंवा खाण्याचा सोडा अॅसिटोनमध्ये कालवून जाड थर द्या, प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी काढा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास समई, गॅस काही पेटलेलं नको. चहा, हळद किंवा पानांचा डाग असेल तर अॅसिटोनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. काळ्या दगडावर तो रंग उडवू शकतो, आधी कोपऱ्यात बघा. जुना डाग एका फेरीत जात नाही. डाग असतानाच सीलर मारला तर तो कायमचा आत कोंडला जातो.

पॉलिशच्या आधी फरशी नाण्याने वाजवून घ्या. बद्द आवाज येणारी फरशी खालून पोकळ असते. मशीनच्या वजनाखाली ती तडकते. ती आधी उचलून पुन्हा बसवा. तडे पांढऱ्या सिमेंटने बुजवू नका, ते काही दिवसांत सुटतं आणि रंगही जुळत नाही. दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरा. घासताना मशीनच्या चकत्यांचे 60, 120, 220, 400, 600, 800 असे नंबर, खरखरीतकडून बारीककडे, क्रमाने चढवा. मधला नंबर वगळला की आधीचे ओरखडे चमकेखाली तसेच राहतात आणि संध्याकाळच्या तिरक्या उजेडात दिसतात. ओलंच घासा, कोरडी धूळ फुप्फुसात जाते.

सीलर निवडताना वर थर धरणारा नको, दगडात मुरणारा घ्या. त्यातून पाणी आत शिरत नाही, पण वाफ बाहेर पडते. पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेल्या मिनिटांत जादा माल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तो राहिला की चिकट, धुरकट पट्टे पडतात. पट्टे पडले असतील तर तोच सीलर थोडासा लावून जुना थर सैल करा आणि लगेच घोटून काढा. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला तर सीलरची गरजच क्वचित पडते, कारण तो शोषतच नाही.

फुटलेला खार पाण्याने धुवायचा मोह आवरा. पाण्यात विरघळून तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, आणि ओल कुठून येते ते शोधा: भिंतीला टेकलेली माती, तुंबलेलं गटार, गळणारी पन्हळ.

आता राहिली वाळू. तिच्यातलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस् मापावर 7 आणि संगमरवरातलं कॅल्साइट 3, त्यामुळे समुद्रावरून आलेली पावलं पॉलिश खरवडत जातात. बल्कावाच्या (दारापुढच्या बैठ्या ओसरीच्या) पायरीशी एक आणि दाराच्या आत एक अशी दोन पायपुसणी ठेवा. वर्षातून एकदा फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. काही मिनिटांत दगड गडद झाला तर सीलरचा पुढचा हात द्यायची वेळ झाली.