मृगाआधी शेताचा नकाशा हाती असावा

रब्बीचे पीक निघालेले आणि वखरपाळ्या चालू असताना रान जसे उघडे दिसते तसे ते पुढे सहा महिने दिसत नाही. म्हणूनच खान्देशातील शेतकऱ्यांनी आपापल्या गटाचा नकाशा मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तयार करावा. या कामासाठी भौगोलिक माहिती प्रणालीचा, म्हणजेच जीआयएसचा, आता गावपातळीवरही चांगला उपयोग होतो.

या प्रणालीत प्रत्येक नोंद तिच्या अक्षांश-रेखांशाशी बांधलेली असते. गटांच्या हद्दी, मातीचा प्रकार, उतार, नाले, विहिरी आणि पीक यांचे वेगवेगळे थर पारदर्शक कागदांसारखे एकमेकांवर ठेवता येतात, आणि सुटे पाहताना न दिसणारा संबंध त्यामुळे दिसू लागतो. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडामध्ये अशी पहिली मोठी प्रणाली उभारली, तीही जमिनीची प्रतवारी नोंदवण्यासाठीच. आज इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आणि क्यूजीआयएस हे संगणकावरील साधन दोन्ही विनामूल्य आहेत.

नकाशासाठी शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावर, झाडाखाली न थांबता मोकळ्या आकाशाखाली, मोबाइलवर स्थान नोंदवावे आणि दशांशचिन्हानंतरचे किमान पाच अंक लिहून घ्यावेत. आपल्या भागात अक्षांश २१ च्या आणि रेखांश ७५ च्या आसपास असतो. हे आकडे उलटे लिहिले गेले, तर शेत नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते. मोबाइलच्या नोंदीत मोकळ्या रानातही तीन ते पाच मीटरची चूक राहू शकते. एकरभराच्या चौकोनी तुकड्याची बाजू सुमारे ६४ मीटर असते. ती एका अंगाला चार मीटरने सरकली, तरी अडीच गुंठ्यांचा फरक पडतो, आणि मृगबागेच्या केळीसाठी १.५ × १.५ मीटर अंतर धरल्यास ११० हून अधिक रोपांचा हिशेब चुकतो. त्यामुळे रोपांची मागणी टेपने मोजलेल्या क्षेत्रावरूनच करावी. बांधाच्या वादात तर या नकाशाचा आधार घेऊच नये. तेथे भूमी अभिलेख विभागाची मोजणीच ग्राह्य असते.

उपग्रहचित्रे वाचताना एक सोपे माप लक्षात ठेवावे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक चौकट १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असते. पावसाळ्यात ढगांमुळे अशी चित्रे फारशी हाती लागत नाहीत, म्हणून मागील तीन वर्षांची ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कपाशीचा जो पट्टा तिन्ही वर्षी इतरांच्या आधी फिका पडतो, तेथे बहुधा मुरमाड किंवा उथळ जमिनीचा दोष असतो. जो एकाच वर्षी फिका दिसतो, त्याचे कारण कीड, रोग किंवा पाण्याचा ताण यांत शोधावे. नेहमी फिक्या पडणाऱ्या पट्ट्याचा मातीनमुना चांगल्या भागाच्या नमुन्यात मिसळू नये, कारण सरासरी अहवालावरून दिलेले खत दोन्ही ठिकाणी चुकते.

मात्र या प्रणालीचा सर्वांत मोठा लाभ मला भूजलाच्या कामात दिसतो, आणि तो एकट्याने घेण्याचा नाही. चोपडा, यावल व रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी गोटे, वाळू आणि रेतीचे थर आणून टाकले आहेत. त्यांतून पाणी वेगाने मुरते, तर तापीकाठच्या चिकण थरांतून ते सावकाश उतरते. म्हणून पाणी मुरवण्याचे एकाच आराखड्याचे काम दोन्हीकडे सारखे फळ देत नाही. गावकऱ्यांनी मे महिन्याअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी, प्रत्येक विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. तेथील जमीन उताराची असल्याने काठाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही नकाशावरून घ्यावी, कारण केवळ खोली पाहून दोन विहिरींची पातळी ताडता येत नाही. नाला, भरड जमीन, सौम्य उतार आणि खालावत चाललेल्या विहिरी हे नकाशावरील चारही थर जेथे एकत्र येतात, ती जागा पुनर्भरणासाठी, म्हणजे पाणी मुरवून भूजल वाढवण्यासाठी, प्रथम तपासावी.

जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी बांधावरून फिरून पाणी कोठे तुंबले आणि माती कोठून वाहून गेली, हे तारखेसह नकाशावर नोंदवावे. ढगाळ आकाशामुळे साध्या उपग्रहचित्रात हा थर मिळत नाही, आणि चर कोठे काढायचा हे त्याच्यावरूनच ठरते.