द्राक्षबागेतील मजुरांसाठी नाडीमापक पट्टा कसा घडवावा

नाशिकच्या द्राक्षबागांत खरड छाटणी एप्रिलच्या उन्हात चालते. त्या वेळी मजुराच्या नाडीवर लक्ष ठेवणारा पट्टा तयार करायचा असेल, तर तो शरीरावर कुठे बसेल हे आधी ठरवावे. मनगट सोयीचे वाटते खरे, परंतु कात्री चालवताना तिथले स्नायू सतत आवळले जातात आणि नाडीचा क्षीण संकेत त्या हालचालीत बुडून जातो. म्हणून दंडाचा वरचा भाग निवडावा.

संवेदकात सुमारे ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा एलईडी आणि त्याच्या शेजारी फोटोडायोड (परतणारा प्रकाश मोजणारा घटक) असावा. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश चांगला शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी परतणारा प्रकाश किंचित घटतो. सेकंदाला १०० नोंदी घेऊन ०.५ ते ४ हर्ट्झ एवढ्याच वारंवारता राखाव्यात, म्हणजे मिनिटाला ३० ते २४० ठोके त्यात सामावतात. हालचाल ओळखण्यासाठी त्वरणमापक जोडावा. मात्र कात्रीची लय नाडीशी जुळली, तर तोही फसतो. ऊन आत शिरू नये म्हणून काळ्या फोमची कड लावावी. हे स्वस्त काम टाळले, तर महागडा संवेदकही निरुपयोगी ठरतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते, यास्तव एलईडीचा प्रवाह व्यक्तीनुसार बदलता यावा आणि निरनिराळ्या वर्णांच्या माणसांवर ईसीजीशी आकडे ताडून पाहावेत.

हा पट्टा शरीराबाहेर राहतो. शरीरात बसवायचा संवेदक मात्र घरगुती प्रयोगाचा विषय नाही. त्यासाठी हवाबंद आवरण, आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जैवसुसंगततेच्या (शरीराला अपाय होत नाही ना हे पाहणाऱ्या) चाचण्या, नीतिसमितीची संमती आणि भारताच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील परवानगी आवश्यक असते.