एस्टोनियन शिकताय? १४ विभक्त्यांना घाबरू नका, भलत्याच गोष्टीला घाबरा

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी साईडची पोरं एस्टोनियात तार्तू नाहीतर तालिनला मास्टर्सला, जॉबला निघाली की गूगलवर भाषा शोधतात, "१४ विभक्त्या" असं दिसतं आणि लॅपटॉप बंद. अहो पण घरात, घरातून, घरावर, घरावरून, घराशिवाय हे काय आहे मग? तिकडंपण शब्दाला शेवटी प्रत्ययच चिकटतो, आत म्हटलं की -स, आतून -स्त, सोबत -गा, शिवाय -ता. इंग्रजांना त्याचं कौतुक, आपल्याला कशाला.

खरी गोम सामान्यरूपात आहे. आपण 'देऊळात' म्हणत नाही, देवळात म्हणतो, तसंच तिकडं तुबा म्हणजे खोली, पण खोलीत म्हणायचं तर 'तुबास' नाही, तोआस, मधला ब गायबच! खोलीतून तोआस्त. ते तोआ म्हणजे षष्ठीचं रूप, ते एकदा हाताला लागलं की बाकीच्या ११ विभक्त्या त्याच्यावरच बसतात. म्हणून नाम एकटं पाठ करूच नका, मूळ रूप, षष्ठी आणि पार्टिटिव्ह (अर्धवट, काही भागच अशा अर्थाची विभक्ती) अशी तीन एका दमात म्हणायची.

पार्टिटिव्ह मात्र डोकं खाणार. पुस्तक वाचतोय, संपलं नाही, तर रामातुत, पूर्ण वाचून काढणार असलो तर रामातु. वाक्यात नकार आला तरी कर्म पार्टिटिव्हमध्ये, दोन-तीन आकडा आला तरी पार्टिटिव्ह आणि तेपण एकवचनात, कन्नडात एरडु मने म्हणतोय की आपण, तसंच. भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही (आपणपण उद्या येतो असंच म्हणतो), लिंग नाही, तो-ती दोघांना ता. हे फुकटात सुटलं.

आता घाबरायचं ते लांबीला. स्वर आणि व्यंजन दोघांच्या तीन-तीन लांब्या. सादा म्हणजे शंभर, साआदा म्हणजे पाठव, आणि तोच आ अजून ओढला की मिळणं, वर शेवटच्या दोघांचं स्पेलिंग सेम, म्हणजे वाचून कळणारच नाही. इथं शाळेत कन्नड शिकलेल्यांचा कान कामाला येतो बघा, केरे म्हणजे तळं आणि केऽरे म्हणजे धामण, हा ऱ्हस्व-दीर्घ ए चा फरक मराठीत नाही पण आपल्या कानाला माहीत आहे. तिकडं केल्ल घड्याळ, केएल भाषा. सोनावेएब या फ्री ऑनलाइन डिक्शनरीत शब्दाची सगळी रूपं मिळतात, उच्चारपण ऐकायला येतो, तो ऐकायचा, स्वतःचा मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, दोन्ही लागोपाठ लावायचे. लाज वाटेल, वाटूदे. आणि त्यांचा तो टिल्डवाला ओ (õ, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला), तो ओठ गोल न करता म्हणायचा, आरशासमोर करा.

सुरुवातीला केएलेक्लिक्क हा फ्री कोर्स घ्या, इंग्रजीतून शिकवतात. तिथं पोचल्यावर दुकानात तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजी सुरू करायची शक्यता भरपूर, तेव्हा तोंड वाईट न करता एवढंच म्हणा: एएस्ति केएलेस, पालुन. म्हणजे एस्टोनियनमध्ये बोला, प्लीज.